बडोद्यातली शिल्पं आणि भिंतीवरची चित्रं: फोटोफेरीचा योग्य क्रम

रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन मांडवी, न्यायमंदिर, सयाजीबागेकडे निघालेल्या हौशी मंडळींचे फोटो पाहिले की त्याच त्या चुका दिसतात. भिंत तिरकी, पुतळा काळाठिक्कर, आकाश पांढरंफटक, चित्राच्या मधोमध विजेचा खांब. कॅमेरा महाग असो की साधा मोबाईल, यात फरक पडत नाही. घोळ क्रमात असतो. आधी फोटो, मग ऊन कुठून येतंय हे बघणं, परवानगीचा विचार अगदी शेवटी. हाच क्रम उलटा करायचा आहे.

## टप्पा १: एका फेरीला एकच पट्टा

दोन तासांत एक किलोमीटरपेक्षा जास्त भाग नीट होत नाही. बडोद्यात सुरुवातीला यांपैकी एक पट्टा निवडा:

- लहरीपुरा दरवाजा ते मांडवी, आणि जमल्यास पुढे पाणीगेट
- न्यायमंदिर ते सुरसागर तळं
- काळा घोडा (घोडेस्वाराचा कांस्य पुतळा) आणि सयाजीबाग
- खंडेराव मार्केट आणि त्यामागचा फुलबाजार
- दांडिया बाजार आणि रावपुरा, तांबेकर वाड्यासह

पहिला पट्टा शिकायला सर्वांत सोपा. जुन्या शहराचे चार दरवाजे चार दिशांना आहेत: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी, आणि मधोमध मांडवी ही जुनी इमारत. त्यामुळे तिथे दिशांचा गोंधळ होत नाही. लहरीपुऱ्याकडून मांडवीकडे बघताना सकाळी सूर्य समोर असतो, म्हणजे मांडवीची तुमच्याकडची बाजू सावलीत राहते. तीच बाजू दुपारी चारनंतर उजळते. सकाळी मांडवीचा उजळलेला फोटो हवा असेल तर पाणीगेटच्या बाजूने या. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी सकाळी फुकट जातात.

## टप्पा २: फोटो न काढता पाहणी

फेरीच्या आदल्या आठवड्यात तोच पट्टा एकदा रिकाम्या हाताने चाला. सोबत छोटी वही आणि मोबाईलमधलं होकायंत्र ठेवा. प्रत्येक चित्रासाठी किंवा शिल्पासाठी पाच गोष्टी लिहा:

1. तोंड कुठल्या दिशेला आहे
2. अंदाजे रुंदी आणि उंची (मोठं माणूस एका पावलात साधारण पाऊण मीटर चालतं)
3. समोर मागे सरकायला किती जागा आहे
4. मध्ये काय येतं: खांब, तारा, हातगाडी, उभ्या गाड्या
5. कोपऱ्यात कलाकाराची सही किंवा संस्थेचं नाव आहे का

दिशा कळली की वेळ ठरते. बडोदा साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यातून काही गोष्टी सरळ निघतात.

डिसेंबरमध्ये भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवरच, दक्षिणेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतींना दिवसभर ऊन मिळतं आणि उत्तरेकडच्या भिंतींना अजिबात नाही. जूनमध्ये मात्र सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि सकाळ-संध्याकाळ तो किंचित उत्तरेकडून तिरपा पडतो. म्हणजे उत्तरेकडच्या ज्या भिंतीला हिवाळ्यात कधीच ऊन लागत नाही, तिला जूनच्या सकाळी सात वाजता छान तिरपं ऊन मिळतं. हिवाळ्यात हुकलेली भिंत कायमची सोडून देऊ नका.

बडोदा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे सूर्य बारा वाजता माथ्यावर नसतो. साडेबारा ते पाऊणच्या आसपास असतो. डिसेंबरच्या अखेरीस सूर्योदय सव्वासातला आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास. जूनच्या अखेरीस सूर्योदय सहाच्या थोडा आधी, सूर्यास्त साडेसातच्या थोडा आधी.

आता कुठल्या विषयाला कुठला उजेड हे पक्कं करा, कारण इथे दोन विषयांच्या गरजा नेमक्या उलट आहेत.

रंगवलेली भिंत सावलीत असताना काढा. समोर उघडं आकाश असेल तर सावलीतही पुरेसा, सगळीकडे सारखा उजेड असतो. अर्धी भिंत उन्हात आणि अर्धी सावलीत असेल तर थांबा किंवा परत या. ते नंतर संगणकावर सुधारत नाही.

दगडी कोरीवकाम, उठावशिल्प, जाळी यांना तिरपं ऊन लागतं. पृष्ठभागाशी साधारण ३० ते ४५ अंशांनी बाजूने येणारं ऊन कोरीव रेषा उठवतं. समोरून थेट ऊन पडलं की कोरीवकाम सपाट दिसतं. हेच तिरपं ऊन रंगवलेल्या भिंतीवर पडलं तर चित्राऐवजी प्लास्टरचे फुगवटे दिसू लागतात.

> तपासा: वहीत प्रत्येक विषयासमोर एक वेळ आणि एक पर्यायी वेळ लिहिली आहे ना? नसेल तर पाहणी अर्धवट आहे.

रविवारची सकाळ, दुकानं उघडायच्या आधीची, मांडवी आणि मंगळबाजाराच्या भागात सर्वांत मोकळी असते. शटर मात्र बंद असतात. इमारतीची नोंद करायची असेल तर ही वेळ घ्या. गजबज हवी असेल तर संध्याकाळी जा. दोन्ही एका फेरीत साधायला जाऊ नका.

## टप्पा ३: सामान कमी, सेटिंग आधीच

मोबाईल असेल तर मुख्य लेन्स, म्हणजे 1x, वापरा. 0.5x ची रुंद लेन्स भिंतीसाठी टाळा. कडेच्या आकृत्या ओढल्यासारख्या होतात. कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिमी समतुल्य (म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या मापाने) एकच लेन्स पुरते. लेन्स बदलत बसलात की उजेड निघून जातो.

घरून निघण्यापूर्वी:

- ग्रिडच्या रेषा चालू करा
- लोकेशन चालू करा, तारीख-वेळ बरोबर आहे हे पाहा
- रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग (नेहमीची फाइल) दोन्ही साठवायला लावा. मोबाईलमध्ये रॉ नसेल तर सर्वांत मोठा आकार निवडा
- मोबाईलचे ‘ब्यूटी’ आणि रंग वाढवणारे मोड बंद करा
- व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका: उन्हात ‘डेलाइट’, सावलीत ‘शेड’

शेवटचा मुद्दा बहुतेकांकडून सुटतो. समोर सगळी भिंत निळी असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स ती निळाई कमी करायला बघतो, आणि एकाच भिंतीच्या तीन फोटोंत तीन निळे येतात. शंका असेल तर भिंतीजवळ राखाडी कार्ड धरून आधी एक फोटो घ्या. घरी त्यावरून सगळे फोटो एका सपाट्यात जुळवता येतात.

पोलरायझर फिल्टर ऑइलपेंटच्या भिंतीवरची चमक कमी करतो, पण थोडं बाजूला उभं राहिल्यावरच. भिंतीच्या अगदी समोर उभं राहिलात तर त्याचा उपयोग नाही. धातूवरची चमक त्याने जवळजवळ जात नाही, म्हणून पुतळ्यांसाठी तो लावू नका. उगाच दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

## टप्पा ४: परवानगी, तीही आधी

मोकळ्या रस्त्यावरून दिसणारं शिल्प किंवा भिंत यांचे हातात कॅमेरा धरून फोटो काढायला सहसा कोणी अडवत नाही. पण ट्रायपॉड उभा केला की सगळं बदलतं. पहारेकरी विचारायला येतोच.

- तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड आणि बाहेरचे दिवे परवानगीशिवाय नेऊ नका. फ्लॅश कुठल्याही जुन्या भित्तिचित्रावर नको.
- कीर्तिमंदिर, जिथे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात काढलेली भित्तिचित्रं आहेत, तिथे आत फोटो काढण्याबद्दल दारातच विचारा. आत शिरून मग विचारू नका.
- फाइन आर्ट्स फॅकल्टी (महाराजा सयाजीराव विद्यापीठ): आवारात उघड्यावर दिसणारी कामं पुष्कळदा विद्यार्थ्यांची, अर्धवट असतात. कार्यालयाची परवानगी घ्या, आणि ज्याचं काम आहे त्यालाही विचारा.
- ईएमई मंदिर लष्करी हद्दीत आहे. तिथे कॅमेरा काढू नका.
- ड्रोन मनात असेल तर आधी डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा पाहा. हौशी फेरीसाठी ड्रोनची गरज नाही.

माणसांना विचारताना बडोद्यात गुजराती दोन शब्द फार उपयोगी पडतात. पानवाल्याला, फूलवाल्याला “काका, फोटो पाडुं?” एवढं पुरतं. बाईमाणूस असेल तर “बेन” म्हणा. दांडिया बाजारातल्या वाड्यात मराठीतच विचारा: “काकू, या जिन्याचा फोटो काढला तर चालेल ना?” नकार आला तर हसून पुढे जा, दुसऱ्यांदा विचारू नका. लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय नकोतच.

> सावधान: विश्वामित्रीत मगरी आहेत. पुलावरून फोटो काढा, काठावर उतरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. आणि उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) आगेमागे दुचाकीवरून फिरताना गळ्याभोवती जाड कापड असू द्या. मांजा दिसत नाही.

## टप्पा ५: जागेवर, चार फोटो या क्रमाने

हा या सगळ्याचा गाभा आहे. प्रत्येक विषयाचे चार फोटो, ठरलेल्या क्रमाने. मनासारखी चौकट दिसली म्हणून पहिला टाळून तिसऱ्यावर उडी मारू नका. रस्त्यावर परिस्थिती मिनिटात बदलते, टेम्पो येऊन भिंतीसमोर उभा राहतो, आणि मग साधा सरळ फोटो राहूनच जातो.

पहिला: नोंदीचा फोटो. पूर्ण चित्र, सरळ, कडेला थोडी मोकळी जागा ठेवून. भिंतीच्या बरोबर मध्यासमोर उभे राहा. किती मागे जायचं याचा सोपा हिशोब असा:

- ३५ मिमी समतुल्य लेन्स: भिंत जितकी रुंद, साधारण तितकंच अंतर
- मोबाईलची मुख्य लेन्स (सुमारे २६ मिमी): रुंदीच्या आठ दशांश
- ५० मिमी: रुंदीच्या दीडपट

म्हणजे १० मीटरच्या भिंतीला मोबाईलने ८ मीटर, ५० मिमीने १५ मीटर. पाहणीतच हे लिहिलेलं असेल तर जागेवर गोंधळ होत नाही.

कॅमेरा शक्य तितका चित्राच्या उंचीच्या मध्यावर धरा. खालून वर झुकवलात की वरची बाजू अरुंद होते. सरळपणा तपासायची खूण अशी: चित्राची डावी आणि उजवी कड पडद्यावर सारख्या उंचीची दिसली पाहिजे. डावी मोठी दिसत असेल तर तुम्ही डाव्या टोकाच्या जास्त जवळ आहात. एक-दोन पावलं उजवीकडे सरका. कॅमेरा नुसता वळवून हे दुरुस्त होत नाही.

लेन्सचं छिद्र एफ/८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते ४००. हात स्थिर असेल तर शटर १/१२५ सेकंद पुरतो.

> तपासा: फोटो मोठा करून चारही कोपरे पाहा. एक कोपरा धूसर असेल तर तुम्ही भिंतीला समांतर नाही आहात.

दुसरा: संदर्भाचा फोटो. आता दुप्पट मागे जा, किंवा रस्ता ओलांडा. चित्र चौकटीचा एक तृतीयांश भाग व्यापेल, बाकी रस्ता. मांडवीसारख्या ठिकाणी हाच फोटो पुढे सर्वांत मोलाचा ठरतो, कारण दुकानाच्या पाट्या, तारा, खालची रहदारी बदलत जाते आणि ती कोणी मुद्दाम टिपून ठेवत नाही. पहिल्या फोटोत जो खांब नको होता तो इथे राहू द्या.

तिसरा: बारकावा. सही, तडे, पोपडे, ब्रशचा फटकारा, कोरीव बोटं. सही असेल तर तिचा वेगळा फोटो हवाच. फोटो जाहीर करताना कलाकाराचं नाव द्यायचं असतं, आणि ते नाव बहुधा त्या कोपऱ्यातच असतं. भिंतीवर नंतर रंग चढला तर तोही मार्ग बंद.

चौथा: माणसासह. चौकट आधी पक्की करा, मग माणूस तिच्यात येईपर्यंत थांबा. माणसामागे कॅमेरा फिरवू नका. चालणाऱ्यासाठी १/२५०, सायकलसाठी १/५००, स्कूटरसाठी १/१०००. हलकी धूसर हालचाल हवी असेल तर खांबाला टेकून १/१५ ते १/३०. पाच-सहा मिनिटं एका जागी उभं राहायची सवय लावा. लोक तुमच्याकडे बघणं थांबवतात तेव्हा फोटो सुरू होतो.

## टप्पा ६: बडोद्यातले चार अवघड विषय

काळा घोडा आणि इतर कांस्य पुतळे. गडद धातू, मागे उजळ आकाश. कॅमेरा आकाशाकडे बघून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) कमी करतो आणि पुतळ्याची नुसती काळी आकृती उरते. एक्स्पोजर +०.७ ते +१.३ पर्यंत वाढवा. मोबाईलवर पुतळ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, मग थोडं वर सरकवा. आकाश पांढरं पडलं तर पडू द्या, किंवा जागा बदलून मागे झाड येईल असं उभे राहा. चौथरा उंच असतो. जवळ जाऊन वर बघत काढलात तर घोड्याचं पोट मोठं आणि स्वाराचं डोकं लहान येतं. मागे जा आणि झूम करा. पाठीमागून, बाजूने असे किमान आठ कोन फिरून बघा, मगच बटण दाबा. ढगाळ दिवस कांस्याला उत्तम.

सुरसागरातली शिवमूर्ती. इथे उलटं. सोन्याचा मुलामा दिलेल्या १११ फुटी मूर्तीवर ऊन पडलं की चकाकणारे भाग पूर्ण पांढरे होतात आणि तिथला तपशील परत येत नाही. एक्स्पोजर −०.७ ते −१ ठेवा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना ते पाहा. सूर्यास्तानंतरची पंधरा ते पंचवीस मिनिटं, आकाश अजून निळं आणि दिवे लागलेले, तेव्हा दोन्ही उजेड जुळतात. तळ्याच्या कठड्याचा ट्रायपॉडसारखा उपयोग होतो. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा.

अरुंद पोळ, म्हणजे जुन्या वस्तीतली गल्ली. मागे जायला जागाच नाही. इथे लोक मोबाईलचा पॅनोरामा मोड वापरतात आणि सरळ भिंत धनुष्यासारखी वाकलेली येते, कारण त्या मोडमध्ये आपण एका जागी उभे राहून कॅमेरा फिरवतो. त्याऐवजी भिंतीला समांतर चालत, तेवढंच अंतर राखत, सुटे फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ४० टक्के भाग यायला हवा. एक्स्पोजर आणि फोकस लॉक. घरी ते जोडा. ही पद्धत सपाट भिंतीलाच चालते. मध्ये खांब किंवा झाड असेल तर ते दोनदा दिसतं.

तांबेकर वाड्यातल्या अंधाऱ्या खोल्या. लाकडी जिना अरुंद, पाठीवरची बॅग पुढे घ्या, भिंतींना घासू देऊ नका. आयएसओ १६०० ते ३२०० बिनधास्त वापरा; थोडे दाणे दिसले तरी चित्र वाचता येतं, हललेलं मात्र वाचता येत नाही. श्वास सोडून बटण दाबा, सलग तीन फोटो घ्या, त्यातला मधला सहसा स्थिर येतो. खिडकी चौकटीबाहेर ठेवा. काचेवर आपलंच प्रतिबिंब येत असेल तर गडद कपडे कामाला येतात. पांढरा सदरा घालून जाऊ नका.

## टप्पा ७: त्याच संध्याकाळी

फोटो उतरवा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत करा, मगच कार्ड पुसा. नाव ठिकाण, तारीख, क्रमांक असं द्या. वहीतली टिपणं फोटोंना जोडून टाका: दिशा, माध्यम, मोजमाप, सही, अवस्था. आठवड्याने हे आठवत नाही.

सुधारणांचाही क्रम असतो: लेन्सची दुरुस्ती, मग फिरवणं, मग तिरकेपणा, मग कातरणं, मग उजेड, आणि रंग सर्वांत शेवटी. रंग आधी गडद केले की पुढचं सगळं त्या चुकीवर उभं राहतं. भिंतीच्या उभ्या रेषा पूर्ण सरळ करा. उंच पुतळ्याच्या मात्र पूर्ण करू नका. थोडा कल राहिला तर तो उंच वाटतो, नाहीतर डोकं फुगल्यासारखं दिसतं. सॅच्युरेशनची (रंग गडद करणारी) पट्टी नोंदीच्या फोटोला लावूच नका.

## टप्पा ८: जाहीर करण्यापूर्वी

इथे पुष्कळांचा समज चुकीचा आहे. रस्त्यावर दिसतं म्हणजे कुठेही छापता येतं, असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार इमारतीचा, आणि सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. पण त्या सवलतीत भिंतीवरचं रंगवलेलं चित्र येत नाही. चित्राचे हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. नंदलाल बोस १९६६ साली गेले, म्हणून त्यांच्या बाबतीत ती मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. आज फतेहगंजात एखाद्या भिंतीवर काम करणाऱ्या चित्रकाराचे हक्क तर अजून कित्येक दशकं राहणार.

म्हणून पुतळ्याचं पोस्टकार्ड छापायला अडचण नाही, पण भित्तिचित्राचा फोटो कॅलेंडरवर, टी-शर्टवर किंवा जाहिरातीत वापरायचा असेल तर चित्रकाराची लेखी संमती घ्या. नुसता समाजमाध्यमांवर टाकत असाल तरी सही वाचून नाव लिहा, जागा लिहा, फोटोची तारीख लिहा. सही सापडली नाही तर ‘चित्रकाराचं नाव कळलं नाही, माहीत असल्यास सांगावं’ असं स्पष्ट लिहा. बडोद्यात फाइन आर्ट्समधून शिकून गेलेले इतके लोक आहेत की नाव बहुधा एक-दोन दिवसांत कळतं. कळताच मूळ पोस्टमध्ये भरा.